पाहुणा कोणाकडचा?

नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघाले की सीना नदीचा पूल ओलांडताच नागापूर लागते. एके काळी हे शहराबाहेरचे साधे शेतकऱ्यांचे गाव होते. आज औद्योगिक वसाहतीने त्याला पार वेढून टाकले आहे. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता माणसांनी फुलून जातो आणि गल्लीगल्लीतून 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दिसतात. हाच रस्ता पुढे शिर्डीकडे जातो. त्यामुळे परगावच्या गाड्यांची रीघ येथे रात्रंदिवस चालू असते.

येथल्या एका परिचित कुटुंबात गेल्या दिवाळीत फराळाला गेलो होतो. घरातल्या नातवाने नुकताच वरचा मजला बांधला होता. तो कायमचा भाड्याने न देता मोबाइलवरून एकेका रात्रीपुरता यात्रेकरूंना द्यावा, असा त्याचा बेत होता. महिन्याचे भाडे किती आणि रोजचे किती, हा हिशेब त्याने मोठ्या उत्साहाने मांडला. आजी शेजारीच बसून ऐकत होती. हिशेब संपल्यावर ती म्हणाली, "ते सगळं खरं रे, पण येणारा पाहुणा कोणाकडचा?"

नातू हसला. "अगं आजी, कोणाकडचा कशाला असायला हवा? पैसे आधीच जमा होतात."

तेवढ्यात चहा घेऊन आलेली सून हळूच म्हणाली, "ह्यांची रात्रपाळी असली म्हणजे घरात मी आणि आजी दोघीच असतो."

यावर कोणी काही बोलले नाही. विषय चकलीकडे वळला. परंतु आजीचा तो प्रश्न माझ्या मनातून काही गेला नाही. अनोळखी माणसाला घरात घ्यावे की नाही, हा प्रश्न मोबाइलने निर्माण केलेला नाही. तो आपल्या समाजाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ पडत आला आहे, आणि त्याची उत्तरेही समाजाने वेळोवेळी शोधली आहेत. दिवाळीच्या निवांतपणात ती उत्तरे एकदा पाहून घ्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

दिवाळीचा आणि या प्रश्नाचा तर जवळचा संबंध आहे. पाडव्याला आपण ज्या बळीराजाची आठवण काढतो, तो एका अनोळखी बटूला दारात उभे करूनच सर्वस्वाला मुकला. शुक्राचार्यांनी त्याला आधी सावध केले होते. बळीने ते ऐकले, धोका ओळखला आणि तरीही शब्द मोडला नाही. पंचवटीत सीतेच्या दारी आलेला अतिथीही भिक्षेकऱ्याचे सोंग घेऊन आला होता, आणि घरात दुसरे कोणी नाही अशी वेळ साधून आला होता. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या परंपरेनेच या दोन्ही कथा जपून ठेवल्या आहेत. अतिथीचा सत्कार करावा, पण त्याचे सोंगही ओळखावे, असे आपल्या पूर्वजांना एकाच वेळी सांगायचे होते. आपण पहिले तेवढे ध्यानात ठेवले.

राज्यशास्त्र लिहिणाऱ्यांना मात्र असे अर्धे विसरून चालण्यासारखे नव्हते. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त नगराचा कारभार पाहणाऱ्या नागरिक नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना पाहुण्यांची तजवीज बारकाईने लिहून ठेवली आहे. धर्मशाळा चालवणाऱ्याने वाटसरूला उतरवून घेण्यापूर्वी अधिकाऱ्याला कळवावे. साध्या गृहस्थानेही आपल्याकडे कोण आला आणि कोण गेला हे कळवावे. न कळवल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्याकडे येईल. आणि रात्र सुखरूप पार पडली तरी त्याने तीन पण दंड भरावा. हा शेवटचा नियम मला फार मार्मिक वाटतो. काही वाईट घडले नाही म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, असे कौटिल्य म्हणतो. पाहुणा ठेवू नका, असे मात्र तो कोठेच म्हणत नाही.

महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हीच गोष्ट आपल्या पद्धतीने साधली होती. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे काम नोंदलेले आहे. रात्री पहारा करावा, गावात आलेल्या-गेलेल्यांचा ठाव ठेवावा, परक्यांवर नजर ठेवावी आणि संशय येईल त्याची वर्दी पाटलाला द्यावी, हे त्याचे काम. चोरी झालीच तर चोराच्या पावलांचा माग काढीत जायचे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढची जबाबदारी त्या गावावर पडे. वेशीतून शिरलेला वाटसरू कोणाच्या ओसरीवर बसण्यापूर्वीच तो आल्याची खबर चावडीवर पोहोचलेली असे.

घराची रचनाही या कामी येई. आधी अंगण, मग ओसरी, मग सोपा आणि सर्वांत आत माजघर. परका माणूस ओसरीवर जेवे आणि तेथेच निजे. तो माजघरात जाई तो ओळख पटल्यावरच. दार उघडे असले तरी सारे घर उघडे नसे. पाहुण्याची जोखीम एकट्या यजमानाने उचलावी, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. ती वेसकर, पाटील, शेजारी आणि घरातली वडीलधारी माणसे यांच्यात वाटली गेलेली होती.

आमच्या नगर जिल्ह्यातच शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे नाहीत, याचे देशभर कौतुक होते. २०११ साली युको बँकेने तेथे नेहमीचे कुलूप नसलेली शाखा काढली तेव्हा ती बातमी दूरवर गेली. शनिदेवाचा धाक हे त्याचे कारण सांगतात आणि ते आहेच. पण दार नसलेल्या घराला शेजाऱ्याचे डोळे हाच आडोसा असतो, हेही विसरता येत नाही. तीच घरे उचलून कोणाचे कोणाशी बोलणे नाही अशा वसाहतीत नेऊन ठेवली, तर किती दिवस टिकतील?

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेस राखणारा वेसकर महार होता. गाव निर्धास्त झोपावे म्हणून तो जागे, आणि त्याला स्वतःला मात्र वेशीच्या आत घर नव्हते. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली, ते योग्यच झाले. 'कोण? कुठले?' हा प्रश्नही नेहमी सुरक्षिततेसाठीच विचारला जाई असे नाही. पुष्कळदा तो जात काढण्यासाठी विचारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. काही दिवसांनी ते उघडकीस आले आणि काठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला. ज्याच्यापासून कोणालाच धोका नव्हता, त्या पाहुण्याच्याच जिवावर बेतले होते. तेव्हा पाहुण्याची ओळख विचारावी ती त्याचे नाव, गाव आणि येण्याचे कारण कळावे म्हणून. जात-धर्म विचारून सुरक्षितता मिळत नाही, अन्याय तेवढा होतो.

ओळख नोंदण्याची एक चांगली रीत तीर्थक्षेत्रांनी घालून दिली होती. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरू उतरत. उपाध्याय आधी गाव विचारी, मग आडनाव, आणि मग आपले जुने चोपडे काढी. पाने उलटता उलटता यात्रेकरूच्या आजोबांचे, पणजोबांचे हस्ताक्षर सापडे. क्षणापूर्वी परका असलेला माणूस एकाएकी 'आपला' होई. या वह्यांचा उपयोग आज कुळाचा शोध घेण्यासाठी होतो. पण त्या काळी त्यांनी आणखी एक काम केले. घरात कोण उतरला होता आणि तो कोठला, याचा लेखी पुरावा त्यांनी राखला.

घरात उतरण्याआधी वाटसरूला रस्ता पार करावा लागे, आणि खरी भीती तेथेच असे. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आता आमच्या जिल्ह्याला मिळाले आहे. त्यांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु धर्मशाळेपर्यंत यात्रेकरू सुखरूप पोहोचावा म्हणून त्यांनी जे केले, ते तितकेच मोलाचे होते. त्यांच्या राज्यातल्या डोंगरवाटांवर भिल्लांच्या लुटीचे भय होते. अहिल्याबाईंनी प्रथम कठोरपणाने बंदोबस्त केला; पण तेवढ्यावर न थांबता वाटेने जाणाऱ्या मालावर 'भिलकवडी' नावाची लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा परंपरागत हक्क मान्य केला. त्या बदल्यात आपापल्या हद्दीतल्या प्रवाशांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटणाऱ्यालाच राखणदार करण्याची ही युक्ती जॉन माल्कम या इंग्रजानेही आपल्या ग्रंथात वाखाणली आहे.

जेथे असा बंदोबस्त नव्हता, तेथे काय होई? ठगांचा इतिहास त्याचे उत्तर देतो. ठग हे दरोडेखोरांसारखे आरडाओरडा करीत येत नसत. ते सज्जन प्रवासी बनून येत, गोड बोलत, वाटेवर सोबत करीत, एकत्र शिजवून जेवत आणि विश्वास बसला की गळ्याला फास लावीत. ते माणूस निवडत तो घरापासून दूर असलेला, ज्याच्या येण्याजाण्याची कोठे नोंद नाही आणि जो पोहोचला नाही तर कित्येक महिने कोणाला कळणारही नाही असा. कंपनी सरकारने १८३६ साली ठगांविरुद्ध खास कायदा केला आणि स्लीमनच्या देखरेखीखाली त्यांचा पाठलाग झाला. त्यांचे जे बळी पडले, ते सोबतीच्या गोड शब्दांवर विसंबले म्हणून. आणि ते इतकी वर्षे खपून गेले, ते कोणी साक्षीदार नव्हता म्हणून.

पुढे १८६७ साली सरायांचा कायदा आला. सरायचालकाने सरकारदरबारी नाव नोंदवावे, पुरेसे पहारेकरी ठेवावेत, खोल्या स्वच्छ ठेवाव्यात, दरांची यादी दिसेल अशी लावावी, सराईत कोणाला सांसर्गिक रोग झाल्यास ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावे, आणि हुकूम झाल्यास आदल्या रात्री कोण कोण उतरले होते याची माहितीही द्यावी, असे त्याने सांगितले. कौटिल्याचा आणि वेसकराचाच नियम येथे इंग्रजी कायद्याच्या भाषेत आलेला दिसतो.

आता कोणी म्हणेल की नोंद आणि चौकशी यांशिवायही माणसांनी परक्यांना घरात घेतले आहे. खरे आहे. त्याचे उदाहरणही नगरचेच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेत्यांना अटक होऊन त्यांपैकी नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. त्याच वेळी याच नगरात १९०५ साली जन्मलेले अच्युतराव पटवर्धन भूमिगत होऊन लढा चालवीत होते आणि सरकारला ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. ज्या ज्या घरांनी अशा भूमिगतांना आसरा दिला, त्यांनी तुरुंगाची जोखीम डोळ्यांसमोर ठेवून दिला. तेथे चावडीवर वर्दी देणे शक्यच नव्हते. पण तेथेही पाहुणा कोणाकडून तरी आलेला असे. विश्वासातला एक माणूस दुसऱ्या विश्वासातल्या माणसाचे नाव सांगे आणि दार उघडे. कागदावरची नोंद नव्हती, तेथे शब्द देणारा मध्यस्थ होता. आजीच्या भाषेत सांगायचे तर तो पाहुणा 'कोणाकडचा तरी' होता.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या नव्या पद्धतीत नेमके काय बदलले, ते कळते. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली होती आणि हॉटेले भरून गेली होती. तेव्हा दोन तरुणांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे उतरवून घेतले. त्यातून पुढल्या वर्षी एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली. आरंभी यजमान घरातच होता, पाहुणा त्याच्या ओसरीवरच निजला म्हणा ना! पुढे व्यवहार वाढला, किल्ली दाराजवळच्या पेटीत राहू लागली आणि यजमान व पाहुणा यांची गाठ पडेनाशी झाली. २०११ साली त्याच शहरातल्या एका बाईचे घर पाहुण्यांनी धुंडाळून लुटले आणि त्याची नासधूस केली. कंपनीने त्यानंतर यजमानांसाठी ५०,००० डॉलरपर्यंतच्या भरपाईची हमी जाहीर केली, आणि पुढल्या वर्षी ती १० लाख डॉलरवर नेली.

भरपाईने मोडलेले कपाट परत येते. गेलेला जीव येत नाही. २०१९ साली आपल्याकडे भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. त्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा गावी एका भाड्याच्या घरात मोठी मेजवानी झाली आणि गोळीबारात पाच जण ठार झाले. घर घेणाऱ्या व्यक्तीने मालकाला सांगितले होते की घरच्या माणसांना दम्याचा विकार आहे, वणव्याच्या धुरापासून दूर राहण्यासाठी डझनभर जणांना जागा हवी आहे. पुन्हा तीच कथा : दयेला हात घालणारे सोंग, आणि दारात उभे राहून ते ओळखणारे कोणी नाही. या प्रकारानंतर कंपनीने मेजवान्यांसाठी घरे देण्यावर निर्बंध आणले, आणि २०२० साली अशा मेजवान्यांवर जगभर बंदी घातली. धोका पाहुण्यालाही असतो. म्हणून एप्रिल २०२४ अखेरपासून घराच्या आत कॅमेरे बसवण्यासही तिने यजमानांना मनाई केली आहे.

आपल्या मुंबईनेही याचा धडा घेतला आहे. २००६ ते २००८ या काळात डेव्हिड हेडली नावाचा अमेरिकन नागरिक मुंबईत वरचेवर येऊन राहिला. त्याने ताडदेवला कचेरी थाटली, लोकांशी मैत्री जोडली आणि हल्ल्याच्या जागांची पाहणी केली. त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली ते त्याने बदलून घेतले होते. चेहरा परदेशी, बोलणे अदबीचे आणि कागदपत्रे पूर्ण. संशय यावा असे त्यात काही नव्हते. म्हणूनच केवळ ओळखपत्राची प्रत घेऊन ठेवली की आपले काम संपले, असे समजू नये. पोलीस भाडेकरूंची माहिती कळवण्याचे आदेश वेळोवेळी काढतात. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरावा लागतो. लोक त्याला कटकट म्हणतात. मला तो जुन्या चावडीचाच अवतार वाटतो. पर्यटकांना घरी उतरवण्याची केंद्र सरकारची जी योजना आहे, तिच्यातही घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. खोल्या एक ते सहा, खाटा जास्तीत जास्त बारा. ज्याने कोणी ही अट घातली, त्याला ओसरी आणि माजघर यांतला फरक माहीत असला पाहिजे.

अनोळखी माणसे पूर्वीही येत, चोर आणि लबाड पूर्वीही होते. आज हरवला आहे तो साक्षीदार. पाहुणा आला हे दूरच्या कंपनीच्या यंत्राला कळते, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कळत नाही. रात्री वरच्या मजल्यावर आवाज झाला तर तो पाहुण्याचा की चोराचा, हे शेजाऱ्याने कसे ओळखावे? आणि पाहुणी म्हणून आलेल्या एखाद्या मुलीला मदत हवी असली, तर तिने हाक तरी कोणाला मारावी?

यंदा नवरात्रात पुन्हा नागापूरला जाणे झाले. वरचा मजला सुरू झाला होता. पण नातवाने आपल्या बेतात थोडी दुरुस्ती केली होती. त्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मजला बंद ठेवायचा. जिन्याला खालच्या घरापासून वेगळे दार आणि आतून कडी केली होती. दोन्ही शेजाऱ्यांना कोण येणार ते आधी सांगून ठेवायचे, पोलीस ठाण्यात माहिती द्यायची. आधारची प्रत घ्यायची ती पहिले आठ अंक झाकलेली, कारण पाहुण्याच्या कागदांची राखणही आपल्याकडेच असते. पाहुण्यांच्या खोलीत चौकीचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. उत्पन्न ठरवले होते त्यापेक्षा कमी होते, हे त्याने मोकळेपणाने सांगितले.

ओसरीवर एक जाड वही ठेवलेली होती. नाव, गाव, कोठून आलात, कोठे निघालात, एवढेच रकाने होते. आजी ती वही स्वतः पुढे करते आणि पाहुणा लिहीत असताना त्याला चहा विचारते. चहा होईतो दहा मिनिटे जातात. तेवढ्यात तिला जे कळायचे ते कळते. मी पाने चाळली. परभणी, बेळगाव, सुरत, निजामाबाद. एका पानावर परभणीच्या कोणी बाईंनी गावाच्या नावापुढे लिहिले होते : 'आजींच्या माहेरच्या शेजारच्या गावच्या.' वाचून मी आजीकडे पाहिले.

"निघाली ना ओळख," आजी म्हणाली, आणि चहाला आधण ठेवायला आत गेली.